दुधाच्या डब्यातल्या गोळ्या

ते साल दोन हजार चार. झेनोबिया ते साल विसरायची नाही, कारण त्याच वर्षी टेकडीवर पाण्याचे नळ येणार म्हणून सगळ्यांनी आपापल्या दारापुढे चर खणून ठेवले होते. नळ काही आले नाहीत. चर मात्र राहिले, आणि माणसं वर्षभर स्वतःच खणलेल्या चरांत पाय मुरगाळून घेत राहिली. त्यात त्या वर्षी टेकडीवर पाच जणी एकदम पोटुश्या. चरांवर टाकलेल्या फळ्यांवरून त्या अशा जपून चालायच्या, की खालून बघणाऱ्याला वाटावं, बदकांची रांग निघाली आहे.

लिमा शहराच्या दक्षिणेला, जिथे रस्ता संपतो आणि नुसती वाळू उरते, तिथली ही टेकडी. हिवाळ्यात समुद्रावरून धुकं चढायचं ते महिनोन्‌महिने उतरायचं नाही. पाऊस म्हणून पडायचा नाही, पण सगळं ओलं. पत्रे गंजायचे, सुऱ्या गंजायच्या, दाराच्या कड्या गंजायच्या. टेकडीच्या मध्यावर एका मोठ्या पत्र्याखाली बायकांनी मिळून चालवलेलं सामाईक स्वयंपाकघर होतं. रोज एका जणीची पाळी, एकच मोठं पातेलं, आणि दुपारी सगळ्या घरांचं जेवण त्यातून. झेनोबिया त्या स्वयंपाकघराची मुख्य. तेव्हा ती पन्नाशीची होती. खांद्यांनी रुंद, आवाजानं त्याहून रुंद.

तिचा एक नियम होता. कोंबडी लहान असो की मोठी, शिजली की तिचे धागे धागे सोडवून रश्शात सोडायचे. एकाच्या वाटीत तंगडी आणि दुसऱ्याच्या वाटीत नुसतं पाणी, हे तिला खपायचं नाही. एकदा नगरपालिकेचा कुणी साहेब जेवायला आला, तेव्हा एकीनं त्याच्यासाठी छातीचा तुकडा बाजूला काढला. झेनोबियानं तो साहेबादेखत पुन्हा पातेल्यात टाकला. म्हणाली, "साहेब, आमच्या पंगतीत पंक्तिप्रपंच नसतो. तुमच्याही वाटीला धागे येतील, काळजी नको."

त्या पाच जणींत तिची स्वतःची मुलगी होती, योवाना. त्या वर्षी झेनोबियाला सगळी काळजी तिचीच होती. दोन वर्षांपूर्वी योवानाला सातव्या महिन्यात डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे ठिणग्या दिसायला लागल्या. झेनोबियानं कपाळाला बटाट्याच्या चकत्या लावल्या, जशा तिची आई डोंगरात लावायची. दुसऱ्या दिवशी झटके आले. योवाना वाचली. मुलगा वाचला नाही. त्यानंतर ती मुलगी बाजारात लहान मुलांच्या कपड्यांच्या गाड्यावरून जाताना रस्ता बदलायची. आता पुन्हा दिवस गेले होते, आणि ती कुणाशी त्याबद्दल बोलत नव्हती. नवऱ्याशी, विल्मेरशीसुद्धा नाही. जणू बोललं तर नशिबाला ऐकू जाईल.

एप्रिलमध्ये खालच्या आरोग्य केंद्रातून मिर्था आली. ती काही डॉक्टर नव्हती, शिकलेली सुईण होती. पण टेकडीवर जो पांढरा डगला घालून चढून येईल तो डॉक्टर, म्हणून सगळ्या तिला डॉक्टरीणबाईच म्हणायच्या. बारीक चणीची, चष्म्याची, चढताना धापा टाकणारी. वर पोचली की आधी पातेल्यात डोकावायची आणि मग गरोदर बायकांकडे.

त्या दिवशी तिनं पाचही जणींना बाकावर बसवलं. म्हणाली, मोठ्या इस्पितळात एक अभ्यास चालू झाला आहे. गरोदरपणात बीपी चढतं आणि बाई, मूल दोघांचा जीव धोक्यात येतो, ते थांबवता येतं का ते बघायचं आहे. त्यासाठी रोज एक पांढरी गोळी आणि एक मऊ पिवळी गोळी घ्यायची. व्हिटॅमिन सी आणि व्हिटॅमिन ई. अँटिऑक्सिडंट म्हणतात.

"म्हणजे काय?" झेनोबियानं विचारलं.

मिर्थानं वर पाहिलं. पत्र्याला भोकं पडली होती. "हा पत्रा हवेनं गंजतो ना, तसं काहीसं शरीरातही होतं. ते कमी करणारं औषध."

"मग दोन गोळ्या मला द्या," फेलिसिता म्हणाली. ती झेनोबियाची शेजारीण, बटाटे सोलण्यात आणि माणसं सोलण्यात सारखीच पटाईत. "एक पत्र्याला, एक माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याला."

मिर्था हसली आणि मग पुढचं सांगताना जरा सावकाश बोलली. "एक गोष्ट नीट ऐका. निम्म्या बायकांच्या बाटलीत खरं व्हिटॅमिन आहे. निम्म्यांच्या बाटलीत तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या पोकळ गोळ्या. कुणाला काय मिळालं ते मलाही ठाऊक नाही."

बाकावरच्या पाचही जणी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यात?" फ्लोरनं विचारलं. पाचांतली ती सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत वटवटी.

"तसंच म्हण. त्याशिवाय औषधाचा खरंच उपयोग होतो का, ते कळणार कसं? आणि ज्यांना नको त्यांनी नाही म्हणावं, कुणी रागावणार नाही. होय म्हणाल त्यांची मात्र दर पंधरा दिवसांनी तपासणी. बीपीचा पट्टा मी स्वतः बांधीन."

पाचही जणी होय म्हणाल्या. पट्ट्यासाठी की गोळीसाठी, ते तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं.

मिर्था उतरून गेली आणि स्वयंपाकघरात वादाला तोंड फुटलं. पाच बाटल्या टेबलावर ओळीनं. पाचही सारख्या, नुसते आकडे वेगळे.

"डॉक्टरला माहीत नाही तो काय खायला घालतोय," फेलिसिता म्हणाली. "माझं कुत्रं निदान हुंगून तरी बघतं."

"हुंगून कशाला, चाटूनच बघू," फ्लोर म्हणाली. "व्हिटॅमिन सी आंबट असतं. जी आंबट ती खरी."

तिनं पाचही बाटल्यांतली एकेक पांढरी गोळी चाटली. दर गोळीला तिचं तोंड वाकडं होत गेलं.

"काय गं?"

"सगळ्या आंबट! मेल्यांनी खोटंसुद्धा आंबट करून ठेवलंय!"

सगळ्या हसल्या. योवाना हसली नाही. ती आपल्या बाटलीकडे बघत होती, आणि झेनोबिया योवानाकडे. निम्म्या खऱ्या, निम्म्या पोकळ. आपल्या लेकीच्या नशिबात काय येतं ते झेनोबियानं एकदा पाहिलं होतं. ती उठली आणि फळीवरचा दूध पावडरचा रिकामा डबा घेऊन आली. मदत म्हणून येणाऱ्या दुधाचा, हातभर उंच, निळ्या गाईच्या चित्राचा.

"ओता," ती म्हणाली.

"काय ओता?"

"बाटल्या. इथे एकीला तंगडी आणि एकीला पाणी असं कधी झालंय का? सगळं एकत्र करायचं, रोज दुपारी जेवणाबरोबर प्रत्येकीला एक पांढरी, एक पिवळी. कुणाला आज खरी येईल, कुणाला उद्या. सगळ्यांना थोडी थोडी तरी मिळेल."

"पण मावशी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आपलीच बाटली..." फ्लोर म्हणाली.

"त्या बिचारीला तरी कुठे माहीत आहे कुणाची काय ते?"

हा तर्क सगळ्यांना पटला. गोळ्या खळखळत डब्यात पडल्या, तो आवाज झेनोबियाला फार बरा वाटला. कुणाला फसवतोय असं तिच्या मनातही आलं नाही. न्याय केला, एवढंच.

आठवडे गेले. दुपारी जेवण वाढून झालं की झेनोबिया डबा काढायची आणि पाचही जणी हात पुढे करायच्या. मिर्था गोळ्या मोजायला यायची त्याच्या आदल्या दिवशी डब्यातल्या उरलेल्या गोळ्या पुन्हा पाच बाटल्यांत सारख्या वाटून ठेवायच्या. पट्टा बांधताना मिर्था हसतखेळत बोलायची. कुणाचे पाय सुजलेत, कुणी मीठ फार खातं, सगळं बघायची. योवानाला ती जरा जास्त वेळ घ्यायची. दोनदा बांधायची, दोनदा ऐकायची.

दुसऱ्या महिन्यात मिर्थानं बाटल्या उपड्या केल्या आणि चष्म्यावरून बघितलं.

"गंमत आहे. शहरभर बायका गोळ्या विसरतात. कुणी दोन, कुणी दहा. तुमच्या इथे पाचही जणी सारख्याच विसरल्यात. जितके रविवार, तितक्या गोळ्या शिल्लक. तुमच्या टेकडीवर रविवारी बायका गरोदर नसतात का?"

रविवारी स्वयंपाकघर बंद असायचं आणि डबा आत कुलपात. हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आमच्या बायका शिस्तीच्या," झेनोबिया म्हणाली. "विसरायचं तरी मिळून विसरतात."

 मिर्थानं समोरची वाटी ओढली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "झेनोबियाताई, एक ऐका. गोळीवर भरवसा ठेवू नका. अजून तिचा कुणालाच भरवसा नाही, म्हणून तर अभ्यास. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, छातीखाली कळ आली, तर गोळी घेतली होती की नाही हा विचार करत बसायचं नाही. त्याच क्षणी मला बोलवायचं. रविवार असला तरी."

ती गेल्यावर फेलिसितानं सुरी खाली ठेवली. "तिला वास लागलाय. तोंड उघडाल तर पाचही जणींना बाहेर काढतील. मग गोळ्याही गेल्या आणि पट्टाही गेला. कुणी बोलायचं नाही."

कुणी बोललं नाही.

ऑगस्टमध्ये स्वयंपाकघराच्या पत्र्यासाठी पोल्यादा ठरली. कुणाचं काही अडलं की टेकडीवर हेच करायचे. कोंबड्या मसाल्यात मुरवायच्या, मोठ्या कढईत तळायच्या, ताटं आठवडाभर आधीच विकून ठेवायची. ज्यानं ताट घेतलं त्यानं रविवारी येऊन खावं, गाण्यावर नाचावं, आणि अडलेल्याचं भागावं. मिर्थानंही एक ताट घेतलं होतं.

रविवार उजाडला तोच धुक्यात. दुपारी कढया तापल्या, मोठ्या आवाजात गाणी लागली, धूर आणि धुकं एकमेकांत मिसळले. योवाना एका खुर्चीवर बसून उकडलेले बटाटे सोलत होती. आठवा महिना लागला होता. विल्मेर बसवर वाहक होता, रविवारीही कामावर.

"आई, डोकं दुखतंय."

झेनोबियाच्या हातातला झारा थांबला. "कधीपासून?"

"सकाळपासून. धुरानं असेल."

मुलीच्या बोटातली अंगठी मांसात रुतली होती. झेनोबियाला ते दिसलं, आणि तिच्या मनानं झटकन एक वाट काढली. आज रविवार. आज गोळी मिळाली नाही, म्हणून असेल! ती पळत गेली, कुलूप उघडलं, डबा काढला आणि योवानाच्या हातावर दोन पांढऱ्या, दोन पिवळ्या ठेवल्या. "घे. चुकली होती ना, म्हणून." योवानानं घेतल्या. झेनोबिया पुन्हा कढईपाशी गेली आणि तळता तळता दर घटकेला मागे वळून बघत राहिली, आता उतरेल, आता उतरेल.

मग योवाना कढईपाशी आली आणि तिनं आईचा दंड धरला.

"आई, तुझ्या तेलातून ठिणग्या उडतायत का?"

तेल शांत होतं. कोंबडी आत्ताच काढली होती.

पुढचं झेनोबियाला कितीही वर्षं गेली तरी तसंच दिसतं. ती धावली नाही. आधी तिनं चूल बारीक केली. फ्लोरला सांगितलं, हिला आत नेऊन डाव्या कुशीवर निजव, जागची हलू देऊ नकोस. कमरेच्या फडक्याला हात पुसले. मिर्थाचं ताट कागदात झाकून ठेवलेलं होतं, ते तिनं उचललं.

फेलिसिता वाटेत आडवी आली. "ताट दे, डोकं दुखतंय म्हण. डब्याचं बोलू नकोस. बाकीच्या चौघींचा विचार कर, झेनोबिया. फ्लोरचाही पट्टा जाईल."

"सरक."

"अगं, मी काय वाईट सांगत्येय?"

"नाही गं. पण सरक."

मिर्था टेकडीच्या पायथ्याशी बाजारामागे बहिणीकडे राहायची. सगळ्या पायऱ्या उतरायच्या, मग चर, मग वाळूची घसरण. वाटेभर झेनोबिया मनाशी बोलत होती. फेलिसिताचं खोटं नव्हतं. पण मिर्था विचारणार, गोळ्या नीट चालल्यात ना? आणि आपण हो म्हटलं, तर ती म्हणेल, मग थांबा, बघू. किंवा त्या चार गोळ्यांनीच काही झालं असेल तर? मागच्या वेळी बटाट्याच्या चकत्या लावून वाट बघितली. या वेळी गोळ्या देऊन वाट बघितली. दोन्ही वेळा वाटच बघितली!

मिर्थानं दार उघडलं तेव्हा ताट तिच्या हातात देऊन झेनोबिया एका दमात बोलून गेली. "डॉक्टरीणबाई, आम्ही सगळ्या गोळ्या एका डब्यात केल्या. पहिल्या दिवसापासून. मीच सांगितलं, मुलींचा दोष नाही. आणि आज योवानाचं डोकं दुखतंय, ठिणग्या दिसतायत, मी तिला दुप्पट गोळ्या दिल्या..."

"डबा नंतर," मिर्था म्हणाली. ताट जमिनीवर ठेवून ती आत वळली आणि पट्टा, औषधांची पिशवी घेऊन बाहेर आली. "योवाना कुठे आहे?"

इतक्या दिवसांत धापा टाकल्याशिवाय मिर्था ती टेकडी कधी चढली नव्हती. त्या दिवशी झेनोबिया मागे राहिली. पट्टा बांधला, पारा बघितला, पुन्हा बघितला. मिर्थाचा चेहरा काही बोलला नाही, पण तिचे हात भराभर चालायला लागले. तिनं पिशवीतून इंजेक्शन काढून टोचलं. म्हणाली, ही झटके येऊ नयेत म्हणून, आता गाडी. म्हातारा हिपोलितो आपली तीनचाकी घेऊन ताटाची वाट बघत उभा होता. तो ताटासाठी न थांबता तसाच निघाला. बायकांनी चरांवर फळ्या टाकल्या, वरून गाडी नेली, दोन्ही बाजूंनी हात लावून अक्षरशः उचलत नेली. फ्लोर, सात महिन्यांची पोटुशी, ओरडत होती, "डावीकडे! डावीकडे घ्या, मेल्यांनो, उजवीकडे माझा चर आहे!"

गाणी कुणी बंद केलीच नव्हती.

इस्पितळात संध्याकाळच्या आत बाळ काढलं. मुलगी. वजन असं, की नर्सनं ओंजळीत धरली तरी ओंजळ रिकामी वाटावी. योवानाला झटके आले नाहीत. तिचं बीपी उतरायला दोन दिवस लागले, पण उतरलं.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेत आणलंत. उद्यावर टाकलं असतं तर काही सांगता आलं नसतं." झेनोबिया भिंतीला टेकून खाली बसली आणि तिला रडूच येईना. मिर्था तिच्या शेजारी फरशीवर बसली. पांढऱ्या डगल्याला कोंबडीच्या मसाल्याचे डाग होते.

"आता सांगा डब्याचं," ती म्हणाली.

झेनोबियानं सगळं सांगितलं. साहेबाच्या छातीच्या तुकड्यापासून. मिर्था ऐकत होती, मध्येच तिनं तोंडावर हात ठेवला. झेनोबियाला वाटलं रागावली. ती हसत होती. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत होती.

"जगभरात इतके हुशार लोक बसून चिठ्ठ्या टाकतायत," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्यांचं सूप करून टाकलंत."

"आता काय होईल?"

"मला हे वर कळवावं लागेल. लपवता येणार नाही, ताई. तुमच्या पाच बाटल्यांवरून कुणी चुकीचा निष्कर्ष काढायला नको. माझे साहेब माझी सालं काढतील."

"आणि चौघींना बाहेर काढतील?"

"गोळ्या बंद होतील."

"आणि पट्टा?"

मिर्थानं पट्टा पिशवीतून काढून मांडीवर ठेवला. काळा, कडेला उसवलेला, कितीतरी दंडांना बांधलेला. "हा चिठ्ठीत नव्हताच कधी," ती म्हणाली. "यात कुणाच्या वाट्याला पोकळ येत नाही. चौघी बाळंत होईपर्यंत मी येत राहीन. तुमच्या पंगतीत तेवढं तरी सारखं वाढता येतं मला."

तेव्हा झेनोबियाला रडू आलं.

बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवायचं, तर पेट्या कमी आणि बाळं जास्त. नर्सनं विल्मेरला सदरा काढायला सांगितलं, मुलीला त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून फडक्यानं बांधलं. बस वाहकाचं काम करणारा तो दांडगा गडी श्वाससुद्धा घाबरत घ्यायचा. योवानाला चालता यायला लागलं तशी ती आणि तो आळीपाळीनं मुलीला छातीशी धरून बसायचे. टेकडीवरून रोज एक जण रस्सा घेऊन जायची. फेलिसिता पहिल्याच दिवशी गेली. काचेतून बाळाकडे बघून म्हणाली, "हे काय, लिंबाएवढं पोर!" आणि वळून झेनोबियाचा हात धरला. "बरं झालं माझं ऐकलं नाहीस," एवढंच बोलली. फेलिसिताच्या तोंडून असलं वाक्य आधी कधी निघालं नव्हतं, नंतरही निघालं नाही.

मुलीचं नाव नायेली ठेवलं. टेकडीनं मात्र तिला 'लिमोन' म्हणजे लिंबूच म्हटलं. एक तर आकारावरून, आणि दुसरं त्या आंबट गोळ्यांवरून.

नवा पत्रा चढला, कारण त्या रविवारी अर्धवट तळलेल्या कोंबड्या फ्लोरनं पुढे तळल्या आणि एकाही ताटाचे पैसे परत केले नाहीत.

दोन वर्षांनी मिर्था एका दुपारी चढून आली, धापा टाकत, आणि बाकावर बसून म्हणाली, "अभ्यासाचं कळलं. इथलंही आणि दुसऱ्या देशांतल्या अभ्यासांचंही. त्या व्हिटॅमिनांनी ते बीपी काही थांबत नाही. ज्यांना खरी मिळाली आणि ज्यांना पोकळ, दोन्हीकडे सारखंच."

"म्हणजे आमच्या डब्यात नुसता आंबटपणा होता?" झेनोबियानं विचारलं.

"तेवढाच."

"मग योवानाला वाचवलं कुणी?"

मिर्थानं वाटी पुढे केली. "आधी वाढा. मग सांगते." वाढून झाल्यावर ती नुसती जेवायलाच लागली.  लिमोन टेबलाखाली बसून त्याच निळ्या गाईच्या डब्यावर चमचा बडवत होती.

आता सगळं इतकं जुनं झालंय. टेकडीवर नळ आले, तेही सगळ्यांनी चर बुजवल्यानंतर, म्हणून पुन्हा खणावे लागले. हिपोलितो गेला. त्याची तीनचाकी त्याचा जावई चालवतो, आणि त्या दिवसाचं ताट टेकडीवर आपलं उरलंय असं अजून सांगतो. फेलिसिता साथीच्या वर्षी गेली. शेवटच्या आठवड्यापर्यंत सामाईक पातेल्यापाशी उभी होती, नाकावर फडकं बांधून सगळ्यांना टोमणे मारत. फ्लोरला त्या ऑक्टोबरात मुलगा झाला, नंतर ती इटलीला गेली, तिकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. फोनवर अजूनही तितकीच बोलते. बाकीच्या तिघींचीही बाळंतपणं सुखरूप झाली, त्यांतल्या एकीच्या वेळी मिर्था स्वतः हजर होती. विल्मेर आता स्वतःची बस चालवतो, आणि योवानाला पुढे आणखी एक मुलगा झाला, पूर्ण दिवसांचा. ती बाजारात लहान मुलांचे कपडे विकते. ज्या गाड्यावरून रस्ता बदलायची, त्याच जागी तिचा गाडा आहे.

लिमोन वीस वर्षांची झाली. उंच, हाडापेरानं मजबूत, बेकरीत कामाला. पहाटे पाव करते आणि आजीच्या सुपाला नावं ठेवते. मिर्थानं नोकरी सोडली आणि ती आपल्या गावी, डोंगराकडे परत गेली. नाताळात बटाट्यांचं एक पोतं पाठवते. कोणता बटाटा कशात घालायचा, हेही सांगायला फोन करते.

डब्यात आता मीठ असतं. बूड गंजलंय.

झेनोबियाला हल्ली स्वतःलाच बीपी आहे. दर मंगळवारी ती जुन्या पायऱ्यांवरून सावकाश उतरून आरोग्य केंद्रात जाते. तिथली नवी पोरगी दंडाला पट्टा बांधते, पट्टा आवळत जातो, आणि झेनोबिया डोळे मिटून ओठातल्या ओठात मिर्थाचं वाक्य म्हणते, यात कुणाच्या वाट्याला पोकळ येत नाही. पोरीला वाटतं, म्हातारी प्रार्थना करते आहे. म्हणून ती तिचं होईपर्यंत थांबते, आणि मगच हवा सोडते.